प्रोस्टेटचं दुखणं पुन्हा पुन्हा उलटतंय? गोळी बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. लघवीला जळजळ, अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत बोथट ठणका, खुर्चीत तासभर बसलं की तो वाढतो. वीर्यपतनानंतर दुखतं. रात्री दोनदा उठावं लागतं. डॉक्टर किंवा केमिस्ट पाच-सात दिवसांचं अँटिबायोटिक देतो, चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि महिना-दोन महिन्यांत गाडी पुन्हा तिथेच. मग दुसरं अँटिबायोटिक, मग तिसरं. मग कोणीतरी सांगतं म्हणून सोनोग्राफी, तिच्या रिपोर्टात ‘प्रोस्टेटोमेगली ग्रेड वन’ असं छापून येतं आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने घेतो आणि कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या, प्लेट बघतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कोणती गोळी घ्यायची हे इथे मिळणार नाही. पण हे दुखणं का उलटतं, त्याचं निम्मं उत्तर आमच्या खिडकीवर रोज दिसतं. परवा चाळिशीचे एक गृहस्थ पिशवीतून रिपोर्टांची चळत घेऊन आले. सगळीकडे एकच ओळ, ‘नो ग्रोथ’. म्हणाले, “साहेब, जंतू नाहीतच म्हणे, मग गोळ्या कशाच्या खातोय मी?” विचारलं, नमुना दिला त्याआधी काही घेतलं होतं का? “आदल्या रात्री केमिस्टनं दिलेली सुरू केली होती ना.” प्रत्येक वेळी तसंच झालेलं. म्हणजे ती चळत असून नसून सारखीच. जंतू होते की नव्हते, हे त्यातून कोणालाच सांगता येणार नाही.

आधी हे, यात थांबायचं नाही

थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं आणि त्यासोबत लघवीला असह्य जळजळ किंवा लघवी तुंबणं, हे प्रोस्टेटच्या तीव्र जंतुसंसर्गाचं लक्षण आहे. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. जंतू रक्तात उतरू शकतात. अशा वेळी कोणी प्रोस्टेट चोळून स्राव काढायला निघालं तर स्पष्ट नकार द्या, तीव्र अवस्थेत ते धोक्याचं असतं. तरुण मुलाच्या एका अंडकोशात अचानक जोराची कळ आली आणि उलटी झाली तर ते प्रोस्टेटचं नाही. अंडाला पीळ बसलेला असू शकतो आणि तो साधारण सहा तासांत सोडवावा लागतो. ही पोस्ट वाचत बसू नका.

बाकीच्यांनी पुढे वाचा.

गोळी लघवी धुते, ग्रंथीत शिरत नाही

पुरुषाच्या जननसंस्थेला तीन साहाय्यक ग्रंथी असतात. मूत्राशयाच्या मागे दोन शुक्राशय, मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट म्हणजे पुरस्थ ग्रंथी, आणि तिच्याखाली वाटाण्याएवढ्या दोन काउपर ग्रंथी. दहावीच्या पुस्तकात आकृती होती, पण बहुतेकांच्या लक्षात वृषणच राहतं. वीर्याचा सर्वांत मोठा वाटा, साधारण 65 ते 75 टक्के, शुक्राशयातून येतो. त्यात फ्रुक्टोज ही शुक्राणूंची साखर असते. प्रोस्टेटचा वाटा 20 ते 30 टक्के. त्यात जस्त, सायट्रिक आम्ल आणि वीर्य पातळ करणारी विकरं असतात. पीएसए हे त्यांतलंच एक. वृषणातून येणारे शुक्राणू या सगळ्यात जेमतेम काही टक्के.

आपल्या दुखण्यासाठी महत्त्वाचं एवढंच की मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या मधून जातो आणि प्रोस्टेटच्या आत डझनांनी बारीक नळ्या आहेत, ज्या त्याच मार्गात उघडतात. लघवीतले जंतू उलटे त्या नळ्यांत शिरू शकतात. एकदा शिरले की त्यांना तिथून हुसकणं अवघड, कारण रक्तातलं औषध ग्रंथीच्या अस्तरातून आत जायला ते मेदात विरघळणारं लागतं. लघवीच्या संसर्गाला नेहमी देतात ती नायट्रोफ्युरँटोइन लघवीत भरपूर उतरते, प्रोस्टेटमध्ये मात्र जवळजवळ नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातली बरीच औषधंही, सूज नसेल तेव्हा, आत फार पोहोचत नाहीत. अंगण झाडून काढलं तरी कोनाड्यातली वाळवी तशीच राहते, तसला प्रकार. लघवी स्वच्छ होते, जळजळ थांबते, आणि काही आठवड्यांनी नळीतले जंतू पुन्हा बाहेर.

म्हणून इथे एक गंमत होते, जी रुग्णांना कोणी सांगत नाही. सेन्सिटिव्हिटीच्या रिपोर्टवर औषधांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतो. लोक घरी बसून स्वतःच एस शोधतात आणि नायट्रोफ्युरँटोइनपुढे तो दिसला की खूश होतात. पण प्लेटवर औषध आणि जंतू समोरासमोर असतात, मध्ये ग्रंथीचं अस्तर नसतं. एस असूनही ते प्रोस्टेटच्या कामाचं नसू शकतं. ही निवड युरॉलॉजिस्टलाच करू द्या.

नमुना असा द्या, नाहीतर देऊ नका

पुढच्या वेळी लक्षणं उलटली की गोळीच्या आधी लघवीचा नमुना. गोळी सुरू झालेली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. कधी कधी प्रकृती बरी असेल तर ते काही दिवस औषध थांबवून मग नमुना घेतात, पण ते स्वतःच्या मनानं करू नका.

लघवी सकाळची असेल तर उत्तम, नाहीतर मूत्राशयात दोन-तीन तास साठलेली. शिश्नावरची कातडी मागे सारा, टोक साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा. पहिली धार कमोडात सोडा, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. डबीच्या झाकणाची आतली बाजू बोटानं शिवायची नाही. तिथेच निम्मे नमुने बिघडतात, मग रिपोर्टात ‘मिक्स्ड ग्रोथ’ येतं आणि पैसे वाया. घरची धुतलेली औषधाची बाटली आणू नका. कितीही उकळून आणली तरी. तासा-दीड तासात लॅबला पोहोचवा. जमत नसेल तर तोवर फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात बाइकच्या डिकीत दोन तास तापलेल्या नमुन्यात काय वाढलेलं असतं, ते न सांगितलेलं बरं.

रुटीन आणि कल्चर या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. रुटीनमध्ये पू-पेशी दिसतात, जंतूचं नाव कळत नाही. कल्चरला एक ते दोन दिवस लागतात. अर्ध्या तासात रिपोर्ट मिळाला तर तो कल्चरचा नाही.

प्रोस्टेटमध्येच जंतू आहेत का, हे ठरवायला एक जुनी आणि नीटस चाचणी आहे. मीअर्स आणि स्टेमी या अमेरिकन डॉक्टरांनी 1968 मध्ये चार भांड्यांची पद्धत लिहिली. लघवीची पहिली धार, मधली धार, मग गुदद्वारातून बोटानं प्रोस्टेट हलके दाबून काढलेला स्राव, आणि त्यानंतरची लघवी. इतका व्याप कोणी करत नाही म्हणून पुढे दोन भांड्यांची सोपी आवृत्ती आली: दाबण्याआधीची मधली धार आणि दाबल्यानंतर लगेचची लघवी. दुसऱ्या भांड्यात जंतू किंवा पू-पेशी पहिल्यापेक्षा ठळकपणे जास्त असतील तर मूळ प्रोस्टेटमध्ये आहे. चाचणीला यंत्र लागत नाही, लागतात दोन डब्या आणि दहा मिनिटं. डॉक्टरांकडे तिच्याबद्दल जरूर विचारा. वीर्याचं कल्चर लोक हौसेनं करतात, पण मूत्रमार्गातून आणि त्वचेवरून येणारे निरुपद्रवी जंतू त्यात हमखास मिसळतात. त्या एकट्या रिपोर्टवर महिन्याभराचं औषध सुरू झालं असेल तर दुसरं मत घ्या.

कल्चरमध्ये दर वेळी तोच जंतू

बहुतेकदा ई. कोलाय. दर झटक्याला तोच जंतू, त्याच सवयींचा, असं दिसलं तर हा प्रोस्टेटचा जुनाट जंतुसंसर्ग. याचं औषध साधारण चार ते सहा आठवडे चालतं, पाच दिवस नाही. इथे घोटाळा रुग्णाकडून होतो: दहाव्या दिवशी बरं वाटलं की पाकीट कपाटात.

दुसरा घोटाळा पेल्यात असतो. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या दुधासोबत, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसोबत, अँटासिडसोबत घेतल्या तर पोटातच बांधल्या जातात आणि रक्तात कमी पोहोचतात. गोळी आणि यांच्यात काही तासांचं अंतर हवं. किती, ते औषधाप्रमाणे डॉक्टर सांगतील. याच घराण्यातल्या औषधांनी टाचेच्या वरची शीर, म्हणजे अकिलीज टेंडन, दुखू लागू शकते. तशी दुखली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन. साठीपुढच्यांनी आणि स्टिरॉइड चालू असलेल्यांनी जास्तच जपावं.

आणि प्रश्न हा की जंतू पुन्हा येतात कुठून? मूत्रमार्ग कुठे आकसलाय का, लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते, खडा आहे का, साखर वाढली आहे का. मधुमेह तपासल्याशिवाय उलटणाऱ्या संसर्गाचा विचार पुरा होत नाही. नवीन जोडीदार असेल, मूत्रमार्गातून पू येत असेल, तर क्लॅमिडिया आणि गनोरियाची तपासणी, आणि त्यात निघालं तर दोघांचाही उपचार एकाच वेळी. एकट्यानं घेतलेलं औषध महिनाभरात फुकट जातं.

पू-पेशी खूप, कल्चर मात्र स्वच्छ

हा भाग आपल्याकडे नीट वाचावा. रुटीनमध्ये भरपूर पू-पेशी, साधं कल्चर दर वेळी ‘नो ग्रोथ’, अधूनमधून लघवीत रक्त, वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण: क्षयरोगाची तपासणी मागा. टीबी मूत्रपिंडातून खाली उतरून प्रोस्टेट, शुक्राशय आणि अंडकोशामागच्या नळीतही बसतो. साध्या कल्चरच्या प्लेटवर तो उगवत नाही, त्याला खास माध्यम आणि कित्येक आठवडे लागतात. म्हणून सलग तीन दिवस पहाटेच्या पहिल्या लघवीचे नमुने घेतात आणि सीबीनॅटसारखी, टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी, चाचणी करतात. सरकारी केंद्रांत क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

वर सांगितलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या, म्हणजे फ्लोरोक्विनोलोन, घराण्याची औषधं टीबीच्या जंतूलाही थोडी दाबतात. दर दोन महिन्यांनी आठवडाभर तीच गोळी घेणाऱ्याला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान महिनोन्महिने लांबतं. केमिस्टच्या सल्ल्यानं घेतलेल्या गोळीची ही किंमत फार मोठी आहे.

सगळं स्वच्छ, तरी दुखतं

आता सर्वांत मोठा गट. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं 1995 मध्ये प्रोस्टेटायटिसचे चार गट पाडले: तीव्र जंतुसंसर्ग, जुनाट जंतुसंसर्ग, जंतू न सापडणारं जुनाट ओटीपोटाचं दुखणं, आणि लक्षणं नसलेली सूज. दवाखान्यात येणाऱ्यांपैकी दहातले नऊ तिसऱ्या गटात बसतात. म्हणजे ज्यांना अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिले जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या अंगात मारायला जंतूच नसतो. मग चौथ्या दिवशी बरं का वाटतं? दुखण्याला स्वतःचे चढउतार असतात, आणि काही अँटिबायोटिकं सूजही थोडी कमी करतात. बरं वाटलं म्हणून जंतू होते, असं होत नाही. माझं स्पष्ट मत: दोन नमुने नीट घेतलेले आणि दोन्ही स्वच्छ असतील तर तिसरा कोर्स मागू नका, डॉक्टर देत असतील तर कारण विचारा.

यात बऱ्याच जणांचं मूळ ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंत असतं. लघवी-शौच धरून ठेवणारे हे स्नायू सतत आखडलेले राहतात आणि दुखणं प्रोस्टेटचं वाटतं. ओळखायची खूण: तपासताना डॉक्टरांनी प्रोस्टेटपेक्षा बाजूच्या स्नायूंवर बोट दाबलं की नेमकं ‘हेच, हेच’ असं दुखणं उठतं. दिवसभर स्टिअरिंगमागे बसणारे, रोज दोन-दोन तास दुचाकी चालवणारे, लॅपटॉपवर दहा तास वाकलेले, आणि बद्धकोष्ठामुळे रोज कुंथणारे यांत जास्त दिसतात. ताण हा भागीदार आहेच, पण ‘सगळं मनाचं आहे’ म्हणून परत पाठवणाऱ्या डॉक्टरचं ऐकू नका. दुखणं खरं असतं.

इथे यूट्यूबवर बघून केगेल व्यायाम सुरू करण्याची फार घाई होते. आखडलेल्या स्नायूला आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं. इथे सैल करायला शिकायचं असतं. उताणं पडून, गुडघे वाकवून, पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा आणि श्वास घेताना तळ खाली सोडायचा, जणू वायू सोडतोय. उकिडवं बसता येत असेल तर दिवसातून थोडा वेळ तसं बसा. मोठ्या टबात सोसवेल इतक्या गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं कंबर बुडवून बसा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असेल तर पाणी आधी दुसऱ्याकडून तपासून घ्या. अर्ध्या-पाऊण तासानं खुर्चीतून उठा. सायकल चालवत असाल तर मधे खाच असलेली सीट घ्या. पेल्विक फ्लोअरचं काम करणारा फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत मिळतो, पण जाण्याआधी ‘पुरुषांच्या ओटीपोटाच्या दुखण्यावर काम करता का’ हे फोनवरच विचारा. बरेचसे फक्त बाळंतिणींचं काम करतात.

चहा, कॉफी, दारू, झणझणीत रस्सा यांनी काहींना त्रास होतो, काहींना काडीचा होत नाही. सरसकट पथ्य धरू नका. एक गोष्ट दोन आठवडे बंद करून बघा, फरक नसेल तर परत सुरू करा. कोल्हापूरच्या माणसाला कायमचा पांढरा रस्सा प्यायला लावण्याआधी पुरावा हवा. वीर्यपतन टाळून काही फायदा नाही. उलट काहींना नियमित झालं की हलकं वाटतं.

धार बारीक असेल, थांबून थांबून होत असेल, तर टॅमसुलोसिनसारखी औषधं देतात. उठताना चक्कर येऊ शकते आणि वीर्य कमी किंवा कोरडं जाऊ शकतं. ते औषधाचं, घाबरायचं नाही. ते चालू असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्यानं ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं.

सुधारणा मोजायला एक प्रश्नावली आहे, तेरा प्रश्नांची, गुण 0 ते 43. डॉक्टरकडे भरून घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा भरा. गुण सहानं उतरले तर उपचार चालतोय असं धरतात. ‘आज कसं वाटतंय’ या प्रश्नावर औषध बदलत राहिलात तर वर्ष जाईल.

सोनोग्राफी आणि पीएसए

‘प्रोस्टेटोमेगली ग्रेड वन’ म्हणजे ग्रंथी थोडी मोठी. तरुणपणी ती साधारण 20 ग्रॅमची असते, वयानं वाढते. पंचेचाळिशीत 28 निघालं तर तेवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. ‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्दही सर्रास असतो आणि बहुतेकदा निरर्थक. त्या रिपोर्टात डोळे लावायचे ते लघवीनंतर मूत्राशयात किती मिली उरली या आकड्यावर. तो नोंदवलाच नसेल तर विचारा.

पीएसए रक्तातही मोजतात, मुख्यतः प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेसाठी. सूज असताना ते केलं तर वाढलेलं येतं, कधी कधी घाबरवण्याइतकं. जंतुसंसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून करा. आधी केलेलं असेल आणि जास्त आलं असेल तर तेच तेवढ्या काळानं पुन्हा. बायोप्सीचा निर्णय त्या दुसऱ्या आकड्यानंतर.

चिकट पाणी, आणि धातू

काउपर ग्रंथी सहसा कोणाला त्रास देत नाहीत. उत्तेजना आली की त्यांतून पारदर्शक, चिकट थेंब येतो. मूत्रमार्गातली आम्लता मारणं आणि मार्ग ओला करणं हे त्याचं काम. शौचाला जोर लावल्यावर येणारं पांढुरकं पाणी बरेचदा प्रोस्टेटचं असतं, कारण कडक मळ मागून तिच्यावर दाब देतो. दोन्हीत आजार नाही. बद्धकोष्ठ सुटलं की दुसरं आपोआप कमी होतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती मात्र याच थेंबांवर चालतात. धातू जातो, शक्ती जाते, चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब. या भीतीला वैद्यकात नाव आहे, धात सिंड्रोम. मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी 1960 मध्ये ते दिलं. लघवीची तपासणी स्वच्छ आली तरी महिन्याला हजारोंची भस्मं खाणारी मुलं मी बघतो. त्यांना रिपोर्ट देऊन उपयोग नसतो, त्यांना कोणीतरी अर्धा तास बसून समजावणारा डॉक्टर लागतो.

वीर्यात रक्त, किंवा वीर्य फार कमी

रक्त बघून झोप उडते, ते साहजिक आहे. लाल असेल तर ताजं, तपकिरी असेल तर शुक्राशयात साठलेलं जुनं. चाळिशीच्या आत एकदाच दिसलं, बाकी काही त्रास नाही, तर लघवीची तपासणी आणि रक्तदाब बघून बहुधा वाट बघतात. आठवड्या-दोन आठवड्यांत रंग निवळतो. चाळिशीपुढे, किंवा पुन्हा पुन्हा, किंवा लघवीतही रक्त असेल तर युरॉलॉजिस्ट, पीएसए आणि गुदद्वारातून सोनोग्राफी. प्रोस्टेटची बायोप्सी झालेली असेल तर काही आठवडे रक्त येणं अपेक्षितच असतं.

वीर्याचं प्रमाण 1.4 मिलीपेक्षा कमी आलं (2021 पासून जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा एवढी आहे) तर पहिला प्रश्न: पूर्ण नमुना डबीत आला का? सुरुवातीचे थेंब सांडले असतील तर सरळ सांगा, आम्ही पुन्हा घेतो, कोणी हसत नाही. आधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा. नीट घेऊनही कमी, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नाही, असं आलं तर शुक्राशयाचा स्राव बाहेर पोहोचतच नाही: नळी बंद आहे, किंवा शुक्राशय जन्मतःच नीट तयार झालेले नाहीत. मूल होत नसलेल्या जोडप्यात ही तपासणी दोनदा करून मगच पुढचं ठरवतात. मधुमेह जुना असेल किंवा टॅमसुलोसिन चालू असेल तर वीर्य उलटं मूत्राशयातही जातं. ते बघायला वीर्यपतनानंतरची पहिली लघवी लागते, तेव्हा लॅबला येण्याआधी बाथरूमला जाऊन येऊ नका.